स्क्रॅचमधे लूप कसा लावायचा: भरतीच्या वेळा, ठिपक्यांची रांगोळी आणि वेळासची कासवं

लूप म्हणजे तेच तेच काम कॉम्प्युटरकडून पुन्हा पुन्हा करून घेणं, हे कुणालाही दोन मिनिटांत कळतं. गाडी अडते ती पुढे. कुठली ओळ लूपच्या पोटात टाकायची आणि कुठली बाहेर ठेवायची, तिथे मोठी मोठी माणसं पण गडबडतात, पोरं तर गडबडतातच, म्हणून खाली लिहिलंय ते बहुतेक सगळं त्या एकाच गोष्टीबद्दल आहे.

प्रोग्रामिंगची भाषा घेऊया स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ मधे सगळ्यांसाठी खुली केली, फुकट आहे, आत्ताची ३.० आवृत्ती २०१९ पासून चालू आहे. टाइप जवळजवळ काहीच करायचं नाही, रंगीत ब्लॉक ओढून एकाखाली एक चिकटवायचे. ब्राउझरमधे चालते पण ऑफलाइन ॲप पण आहे आणि कोकणात राहत असाल तर तेच टाकून घ्या, पावसाळ्यात लाईट गेली की पाठोपाठ नेट जातं आणि मग अर्धवट प्रोजेक्टकडे बघत बसायची पाळी येते. फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर ब्लॉक ओढताना जीव जातो, लॅपटॉप किंवा टॅब असेल तर बरं.

ब्लॉकची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, तुमच्या स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील, उच्चारावरून लगेच सापडतील. आकडे मात्र ब्लॉकमधे इंग्रजीच टाकायचे, देवनागरी आकडे तो घेत नाही. व्हेरिएबलचं (म्हणजे बदलणारी किंमत ठेवायच्या डब्याचं) नाव मराठीत दिलं तर बिनतक्रार घेतो.

केशरी रंगाच्या कंट्रोल गटात लूपचे तीन ब्लॉक आहेत. रिपीट, फॉरेव्हर आणि रिपीट अनटिल. तिन्ही तोंड उघडं असल्यासारखे दिसतात, त्या तोंडात जे ब्लॉक घालाल तेवढेच पुन्हा पुन्हा चालतात, वरचे आणि खालचे एकदाच.

पहिला लूप: भरतीचा हिशोब

आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा एक आडाखा असतो, तिथीला पाऊणाने गुणायचं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो तशी भरती पण रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आडाख्यात ती पाऊण तास धरलीय म्हणजे तोंडी हिशोब सोपा. (पाण्यात उतरायचं असेल, होडी काढायची असेल तर छापील भरती-ओहोटीचं टेबलच बघा, हा आडाखा अंदाजाला आहे आणि इथे तर आपण फक्त लूप शिकतोय.)

आता पंधरा तिथींच्या पंधरा वेळा काढायच्या. लूप न लावता सुरुवात करा, मुद्दाम. व्हेरिएबल्स गटात जाऊन "मेक अ लिस्ट" दाबा, नाव द्या भरती. मग:

ॲड (१ * ०.७५) टू भरती
ॲड (२ * ०.७५) टू भरती
ॲड (३ * ०.७५) टू भरती

तीन ओळी झाल्या की थांबा आणि बघा की एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना नेमकं काय बदललं. फक्त पहिला आकडा. बाकी सगळं जसंच्या तसं. जे बदलतं त्याला नाव द्यायचं, म्हणजे व्हेरिएबल करायचं, आणि जे तसंच राहतं ते लूपच्या पोटात जातं. कुठलाही लूप लिहायच्या आधी अशा दोन-तीन ओळी हाताने लिहून बघायची सवय लावा, कागदावर लिहिल्या तरी चालेल. ही पायरी सगळे गाळतात आणि मग "सर लूप चालत नाही" करत येतात.

तर "मेक अ व्हेरिएबल", नाव तिथी. आणि आता:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
डिलीट ऑल ऑफ भरती
सेट तिथी टू १
रिपीट १५
    ॲड (तिथी * ०.७५) टू भरती
    चेंज तिथी बाय १

हिरवा झेंडा दाबा. लिस्टमधे ०.७५, १.५, २.२५, ३, ३.७५ असं येत येत शेवटी ११.२५ आलं पाहिजे. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार. ज्यांना पावकी-निमकी-पाऊणकी पाठ असायची त्या आजोबांना स्क्रीन दाखवा, ते कॉम्प्युटरच्या आधी उत्तर सांगतील.

चाललं म्हणून पुढे पळू नका, आता ते मोडायचं. खरं शिकणं इथे आहे.

"डिलीट ऑल" उचलून लूपच्या आत टाका. झेंडा दाबा. लिस्टमधे एकच ओळ उरली, ११.२५. कारण दर फेरीला आधी पाटी पुसली जातेय आणि मग एक आकडा लिहिला जातोय, शेवटच्या फेरीचा तेवढा वाचला. आता तो ब्लॉक पूर्ण काढूनच टाका आणि झेंडा दोन-तीनदा दाबा, लिस्ट आधी सोळा मग एकतीस ओळी अशी लांबत जाईल, जुनं पुसायला कुणी सांगितलंच नाही ना. परत होता तिथे ठेवा.

मग "सेट तिथी टू १" आत टाकून बघा, पहिल्या ओळीच्या वर. पंधराच्या पंधरा ओळी ०.७५. तिथी एकने वाढतेय, पण पुढची फेरी सुरू झाली की पुन्हा एकवर येतेय, म्हणजे एक पाऊल पुढे आणि एक मागे.

अजून एक, हे जास्त छुपं आहे. "चेंज तिथी बाय १" ला "ॲड"च्या वर सरकवा. ओळी पंधराच येतात, पण सुरुवात १.५ पासून आणि शेवट १२ ला, म्हणजे प्रतिपदा गेली आणि सोळावी तिथी आली जी पंचांगातच नाही. लूपमधल्या अर्ध्याअधिक चुका या एका घराने मागे-पुढे होण्याच्या असतात, त्यामुळे पहिला आकडा आणि शेवटचा आकडा हे दोन हाताने तपासायचे, मधले आपोआप बरोबर येतात.

बरोबर मांडणीत लूप संपल्यावर तिथीची किंमत किती असेल? पंधरा नाही, सोळा. शेवटच्या फेरीत पण ती एकने वाढतेच. हे लक्षात ठेवा, शेवटी पायथन ही टाइप करून लिहायची भाषा येईल तिच्यात लागेल.

आता याच लूपच्या पोटात, ॲडच्या खाली आणि चेंजच्या वर, एक इफ घाला: इफ तिथी = १५ तर ॲड "उधाण" टू भरती. आणखी एक इफ, तिथी = ८ तर "भांग". अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं ते उधाण, अष्टमीला कमी ती भांगाची भरती. इफ चेंजच्या खाली गेला तर काय होईल ते आता तुम्हीच सांगा, आणि मग करून बघा.

लूपच्या आत लूप

महिन्यात पक्ष दोन. शुद्ध झाला की वद्य, तिथ्या पुन्हा एकपासून. म्हणजे वरचा अख्खा लूप दोनदा फिरवायचा:

डिलीट ऑल ऑफ भरती
रिपीट २
    सेट तिथी टू १
    रिपीट १५
        ॲड (तिथी * ०.७५) टू भरती
        चेंज तिथी बाय १

(इफ सध्या बाजूला ठेवले, तीस आकडे स्वच्छ मोजता यावेत म्हणून.)

"सेट तिथी टू १" कुठे बसलाय बघा. बाहेरच्या लूपच्या आत, पण आतल्या लूपच्या बाहेर. मघाशी तो लूपच्या पूर्ण बाहेर होता तेव्हा बरोबर होता, आता पूर्ण बाहेर ठेवलात तर तिथी सोळा, सतरा करत तीसपर्यंत जाईल आणि शेवटचा आकडा २२.५ येईल. यातली गंमत म्हणजे उत्तर बघून पटकन चूक कळणार पण नाही, कारण साडेबावीस म्हणजे रात्रीचे साडेदहा, आणि भरती दिवसातून दोनदा येते त्यामुळे वेळ खरीच वाटते, फक्त पाऊण तासाने चुकलेली. एरर येत नाही, काही लाल होत नाही. ठार चुकलेल्या प्रोग्रामपेक्षा असा जवळजवळ बरोबर प्रोग्राम जास्त तापदायक, मी तर म्हणेन नवशिक्याने एररपेक्षा यालाच घाबरावं.

आकड्यांचा कंटाळा आला असेल तर रांगोळी काढू. डाव्या कोपऱ्यात खाली एक्सटेन्शनचं बटण आहे, त्यातून पेन घ्या. स्क्रॅचचा स्टेज, म्हणजे चित्र दिसतं तो पडदा, ४८० रुंद आणि ३६० उंच, मधोमध शून्य-शून्य, म्हणजे एक्स उणे २४० ते २४० आणि वाय उणे १८० ते १८०. पाच बाय पाच ठिपके, प्रत्येकी ४० अंतरावर:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
इरेझ ऑल
पेन अप
सेट पेन साइझ टू ८
गो टू एक्स -८० वाय ८०
रिपीट ५
    रिपीट ५
        पेन डाउन
        पेन अप
        चेंज एक्स बाय ४०
    सेट एक्स टू -८०
    चेंज वाय बाय -४०

पेन टेकवून लगेच उचललं की एक ठिपका पडतो. आतला लूप एक ओळ काढतो, बाहेरचा लूप ओळीमागून ओळ. "सेट एक्स टू -८०" म्हणजे ओळ संपल्यावर हात परत डावीकडे नेणं, अंगणात आपण हेच करतो. तो ब्लॉक विसरलात तर दुसरी ओळ पहिली संपली तिथून उजवीकडे सुरू होते आणि जिना उतरल्यासारखी रांगोळी तिरकी खाली जाते. आतल्या लूपमधे टाकलात तर ठिपके एकावर एक बसून एका उभ्या रेषेत पाचच दिसतील.

कुठला लूप काय करतोय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर आतल्या लूपमधे "वेट ०.२ सेकंद्स" घाला. ठिपके एकेक करून पडतील. गडबड शोधायला याच्याइतकी सोपी युक्ती दुसरी नाही, सापडली की वेट काढून टाकायचा.

आता खरी रांगोळी, सात ते एक. पहिल्या ओळीत सात ठिपके, मग सहा, मग पाच, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधे सुरू. पुन्हा तोच प्रश्न, ओळीगणिक काय बदलतं? दोन गोष्टी: ठिपके एकने कमी, सुरुवात २० ने उजवीकडे. म्हणून दोन व्हेरिएबल, ठिपके आणि सुरुवात.

इरेझ ऑल
पेन अप
सेट पेन साइझ टू ८
सेट ठिपके टू ७
सेट सुरुवात टू -१२०
गो टू एक्स -१२० वाय १२०
रिपीट ७
    रिपीट (ठिपके)
        पेन डाउन
        पेन अप
        चेंज एक्स बाय ४०
    चेंज ठिपके बाय -१
    चेंज सुरुवात बाय २०
    सेट एक्स टू (सुरुवात)
    चेंज वाय बाय -४०

रिपीटच्या खिडकीत आकड्याऐवजी व्हेरिएबल टाकता येतो हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. गोल गोळी ओढून आकड्यावर सोडायची, बसते. आणि सेट एक्स हा चेंज सुरुवातच्या खालीच हवा, वर गेला तर दुसरी ओळ सरकतच नाही.

फॉरेव्हर

हा सगळ्यात सोपा. हर्णैच्या कनकदुर्गावरच्या दीपगृहासारखा दिवा करायचा तर पिवळा गोळा काढा आणि फॉरेव्हरमधे शो, वेट १, हाइड, वेट १ एवढे चार ब्लॉक. दुसरा वेट बरेच जण घालत नाहीत, मग दिवा विझतो आणि पुढच्या क्षणी परत लागतो, डोळ्याला फक्त बारीक थरथर दिसते. फॉरेव्हरची खालची बाजू सपाट असते, खाली काही चिकटतच नाही. बरोबरच आहे, तो संपणारच नाही तर त्याच्यानंतर काय करणार. थांबवायला झेंड्याशेजारचं लाल बटण.

रिपीट अनटिल आणि कासव

मंडणगड तालुक्यातलं वेळास तुम्हाला माहीत असेलच, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मधे तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लांबून माणसं येतात. प्रोग्रामिंग आणि कासव यांचं नातं पण जुनं आहे बरं का, १९६७ मधे सीमोर पेपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फोर्झिग यांनी मुलांसाठी लोगो भाषा बनवली, तिच्यात कासवाला हुकूम देऊन चित्रं काढायची आणि त्यात रिपीट होताच. स्क्रॅच त्याच घराण्यातली.

तर पिल्लू. खाली वाळू, वर वाय १०० च्या पलीकडे निळं पाणी असा पडदा रंगवा. पिल्लू किती पावलात पोचेल ते आधी माहीत नाही, वेडंवाकडं चालतं ते, म्हणून इथे आकडा द्यायच्या ऐवजी अट:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
गो टू एक्स ० वाय -१५०
रिपीट अनटिल (वाय पोझिशन > १००)
    चेंज वाय बाय ३
    चेंज एक्स बाय (पिक रँडम -३ टू ३)
से "पोचलो!" फॉर २ सेकंद्स

अट लिहिताना "पेक्षा मोठं"च्या जागी "बरोबर" टाकून बघा, वाय पोझिशन = १००. पिल्लू समुद्र ओलांडून पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन अडकतं आणि लूप चालूच. का? उणे १५० पासून तीन-तीनने चढलं की ९९ येतं, मग १०२. शंभर मधल्या मधे हुकलं. पाऊल ५ चं केलंत तर नेमकं शंभरावर पडतं आणि सगळं छान चालतं, आणि त्यामुळेच ही चूक महिनोन्महिने लपून राहते. सरकणाऱ्या गोष्टीसाठी "बरोबर" वापरूच नका.

रिपीट अनटिल अट आधी तपासतो. पिल्लू मुळातच पाण्यात सोडलं तर लूप एकदाही फिरणार नाही, थेट "पोचलो".

एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, तर एका पिल्लावर कशाला थांबायचं. मूळ स्क्रिप्ट (ब्लॉकची साखळी) अशी करा: हाइड, गो टू एक्स ० वाय -१५०, मग रिपीट १०० आणि त्याच्या आत क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ (क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल), वेट ०.२ सेकंद्स. दुसरी स्क्रिप्ट "व्हेन आय स्टार्ट ॲज अ क्लोन" खाली: पहिला ब्लॉक शो, मग वरचा रिपीट अनटिल, आणि लूप संपल्यावर डिलीट धिस क्लोन. शो विसरलात तर शंभर पिल्लं चालतील पण दिसणार एकही नाही, कारण लपलेल्याचा क्लोन पण लपलेलाच. स्क्रॅचमधे एका वेळी जास्तीत जास्त ३०० क्लोन राहतात, त्यापुढचे तो गुपचूप बनवतच नाही, सांगत पण नाही. पण पोचलेलं पिल्लू डिलीट होत राहिलं तर पडद्यावर एका वेळी दहा-पंधराच असतात, मग रिपीट ५०० केलं तरी अडत नाही. डिलीट मात्र लूपच्या खाली हवा. आत गेला तर प्रत्येक पिल्लू पहिल्याच पावलाला गायब.

इथून पायथनकडे

स्क्रॅच हाताखालून गेलं की पायथन. तोच भरतीचा लूप:

फॉर तिथी इन रेंज(१, १६):
    प्रिंट(तिथी * ०.७५)

फॉर, इन, रेंज, प्रिंट आणि आकडे अर्थात इंग्रजीत टाइप करायचे, तिथी हे नाव पायथन ३ मराठीत पण घेतं. रेंजमधे १६ लिहिलंय पण तो सोळा घेत नाही, पंधरावर थांबतो, दुसरा आकडा म्हणजे "इथपर्यंत नाही" असं समजा. स्क्रॅचमधे लूप संपल्यावर तिथी सोळा होती, इथे पंधराच राहते कारण वाढवायचं काम तुमच्याकडे नाही, फॉर करतो. तोंड उघडलेला ब्लॉक इथे नाही, आत काय आणि बाहेर काय ते ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून ठरतं, नेहमी चार स्पेस. ओळ चुकून डावीकडे सरकली की ती लूपच्या बाहेर. आणि व्हाइल (अट खरी आहे तोवर फिरणारा लूप) वापरलात तर तिथी स्वतःच वाढवायची, विसरलात तर ०.७५ ०.७५ ०.७५ करत स्क्रीन धावत सुटेल, घाबरू नका, कंट्रोल दाबून धरा आणि सी दाबा.